एकवीस सेंटिमीटरांत दोन भाऊ

निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी छंद हवा, असं सगळे म्हणतात. तो छंद ज्या घरात राहायला येतो, त्या घरातल्या दुसऱ्या माणसाला मात्र कुणी विचारत नाही. आमच्या पुण्याच्या घरी तो तीन वर्षांपूर्वी कॅमेऱ्याच्या रूपानं आला. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या जोडीला नवऱ्याच्या मोबाइलमध्ये एक ॲप आलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, ते हेच.

ॲप काय करतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचा त्रास कळेल. कॅमेऱ्याला भिंग कोणतं लावलंय, त्याचं तोंड किती उघडलंय आणि समोरची वस्तू किती लांब आहे, एवढं त्याला सांगायचं. मग ते आकड्यांत उत्तर देतं की इथपासून इथपर्यंतचं सगळं फोटोत स्पष्ट येईल, त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं धूसर. उजेड बघून पडदा सेकंदाच्या कितव्या हिश्शापुरता उघडायचा, तेही ते सांगतं. अंतर मात्र आपण मोजून द्यायचं. म्हणून अरविंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पन्नास मीटरची टेप आणली. टेपला दोन टोकं असतात. एक त्याच्या हातात असतं, आणि दुसरं कुणाच्या हातात असतं ते सुज्ञांस सांगणे न लगे.

मी तीस वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. तिथे फोकस बोटांनी करतात. चाकी थोडी फिरवली, पेशी दिसली, संपलं. हे मी अरविंदला एकदा सांगून पाहिलं. त्यावर तो "तुझं शास्त्र जुनं झालं" म्हणाला आणि मला टेपचं टोक देऊन खिडकीशी उभं केलं.

जानेवारीच्या शेवटी गौतमचा फोन आला. गौतम पूर्वी अरविंदच्या कंपनीत होता. नंतर आपल्या मुलखात, बीदरला परत गेला आणि तिथल्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागला. तो म्हणाला, "दादा, एक फोटो काढायचाय. एकच. पण त्यो तुम्हीच काढायला पायजे." अरविंदला आयुष्यात प्रथमच कुणी फोटो काढायला बोलावलं होतं. आम्ही दुसऱ्या दिवशी निघणार होतो, पण टेप सापडत नव्हती, म्हणून तिसऱ्या दिवशी निघालो.

शुक्रवार, कलबुर्गी

सोलापूर सोडलं की अरविंदचा पुणेरी अभिमान जरा उतरेल, अशी माझी आशा होती. पण हद्दीवरची पाटी कन्नडमध्ये दिसताच तो म्हणाला, "आता मराठी संपली." टोलनाक्यानंतर चहाच्या टपरीवर मालकानं "काय साहेब, साखर कमी का?" असं विचारलं. आपल्याकडच्या माणसाला मराठीची हद्द नेहमी स्वतःच्या गल्लीच्या टोकाला दिसते.

कलबुर्गीच्या वाटेवर तुरीची काढणी चालली होती. कापलेल्या तुरीचे ढीग, मध्येच हिरवी ज्वारी, आणि जमीन इतकी काळी की बैल तिच्यात सावलीसारखे दिसावेत. दुपारी एका खाणावळीत जेवलो. पापडासारखी कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, त्यावर दही, आणि तुरीचं घट्ट वरण. ज्या तुरी बाहेर झोडपत होते त्याच ताटात होत्या, असं मालक म्हणाला. आम्ही जिला अंबाडी म्हणतो तिला इथे पुंडी म्हणतात, आणि आमच्यापेक्षा बरी करतात. अरविंदनं ताटापासून कॅमेरा किती लांब ते मोजलं, आकडे घातले, पुन्हा मोजलं. तेवढ्यात वरणावर साय धरली. मालकानं न विचारता दुसरी वाटी आणून ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही जेवा अक्का. त्यांचं चालू द्या." इतकी समज मला गेल्या तीन वर्षांत कुणी दाखवली नव्हती.

किल्ल्यातली मोठी मशीद बघण्यासारखी आहे. तिला अंगण नाही. सगळी छताखाली आहे आणि आत कमानींच्या रांगा आहेत, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. मी एका खांबाला टेकून बसले असते तर बरं झालं असतं. पण पहिल्या कमानीपासून शेवटच्या कमानीपर्यंत सगळं स्पष्ट यायला हवं होतं, त्यामुळे मी टोक घेऊन आत आत चालत गेले. शेवटी पहारेकरी आला.

"टेंडर निकला क्या साब? रिपेरी का?"

"नहीं, फोटो निकालना है," अरविंद म्हणाला.

पहारेकऱ्यानं टेपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "फोटो को टेप?" एवढंच म्हणून तो गेला. त्या माणसाचं आम्ही ऐकायला हवं होतं. या भागात टेप घेऊन फिरणाऱ्या माणसाबद्दल लोकांची काय समजूत होते, याची ती पहिली सूचना होती.

शनिवार, बीदर

बीदर उंचावर वसलंय आणि तिथली माती लाल. कलबुर्गीच्या काळ्या रानातून वर आलं की गाडीच्या काचांचाही रंग बदलतो. गौतमची बायको संगीता कन्नड शाळेत शिक्षिका आहे. सकाळी तिनं सुशीला केली होती, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दाण्याचं कूट आणि फोडणी, सोबत मिरचीची भजी. खाताखाता संगीता फोनवर शाळेशी कन्नडमध्ये बोलली, भाजीवाल्याशी दख्खनीत बोलली आणि आमच्याशी मराठीत. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुमचं मराठी छान आहे हो."

संगीतानं भजं माझ्या ताटात वाढलं. "तुमचंबी बरं हाय की ताई," ती म्हणाली.

मी मुकाट्यानं भजं खाल्लं. अरविंदला हसते, पण मीही त्याच पेठेतली.

खाणं झाल्यावर तिनं कामाचं सांगितलं. गौतमचे वडील नामदेव, घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात. त्यांचे थोरले भाऊ तुळशीराम, त्यांना अण्णा. अण्णांच्याच खांद्यावर बसून गौतम शाळेत गेला. दोघं भाऊ मिळून आपल्या गावात, दुबलगुंडीत, बुद्धविहार उभारायला निघाले आणि जागेवरून भांडले. अण्णांना तो हमरस्त्याला हवा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. अप्पांना गल्लीत हवा होता, म्हाताऱ्या बायांना चालत जाता येईल असा. विहार गल्लीत झाला. ज्या दिवशी पाया खणला त्या दिवशी अण्णा गाव सोडून औरादकडे, चिंताकीला लेकीकडे राहायला गेले. जाताना म्हणाले, या गावचं पाणी पिणार नाही. त्याला अठरा वर्षं झाली. मधल्या काळात घरात लग्नं झाली, मयतं झाली. अण्णा आले तरी स्वतःची बाटली घेऊन आले आणि भावाशी एक शब्द न बोलता गेले.

"मागच्या महिन्यात अण्णा पडले," संगीता म्हणाली. "ब्याऐंशी वय हाय. उद्या दोघांतला कोण आधी जाईल सांगता येत न्हाई. एकाच्या मातीला दुसरा न्हाई आला, तर मी गावाला काय तोंड दाखवू? चार वर्षं पाया पडायले त्येंच्या. आता एकदाचं व्हय म्हणलेत. एक फोटो. दोघं शेजारी बसणार, फोटो निघणार, अण्णा जीपमधे बसून जाणार. मोबाइलातला न्हाई चालत. म्हणायलेत, मोबाइलातला फोटो मोबाइलातच मरतो. कागदावरचा पायजे."

मला तिची भीती कळली आणि तिच्याबद्दल एकदम माया वाटली. अरविंदनं विचारलं, "मागे काय आहे?"

"कशाच्या मागं?"

"ते दोघं बसणार त्याच्या मागे. पार्श्वभूमी."

दुपारी गौतम आम्हाला बिदरीच्या एका कारखान्यात घेऊन गेला. कारखाना म्हणजे दोन खोल्या. जस्ताच्या भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवतात आणि मग किल्ल्यातली जुनी माती घालून उकळलेल्या पाण्यात ते बुडवतात. भांडं काळं होतं, चांदी तशीच राहते. माती बरोबर आहे का ते कारागीर जिभेवर ठेवून बघतो. आमच्यासमोर त्यानं चिमूटभर चाखली, आणि एक भांडं पाण्यात सोडलं.

"कितने मिनट रखते हैं?" अरविंदनं विचारलं.

"काला हुए तलक."

"हां, मगर मिनट कितने?"

"जित्ते में काला होता, उत्ते."

अरविंदनं खिन्न होऊन मोबाइल काढला. तयार झालेली एक सुरई खिडकीत ठेवून त्यानं उजेड मोजला, अंतर मोजलं, ॲपनं सांगितलं तसा फोटो काढला आणि कारागिराला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. काळी वस्तू समोर आली की यंत्राला वाटतं उजेडच कमी आहे, मग ते सगळं उजळ करून ठेवतं. सुरई राखेच्या रंगाची आली होती.

कारागिरानं चष्मा वर केला. "ये मेरा माल नै साब. ये तो जर्मन का डब्बा दिखरा."

ॲल्युमिनिअमच्या भांड्याला आपल्याकडेही जर्मनच म्हणतात, त्यामुळे समजायला अडचण आली नाही. बाहेर पडल्यावर अरविंद म्हणाला, खिडकी चुकीच्या दिशेला आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

रविवार, दुबलगुंडी

अप्पांच्या घरापुढे मोठं अंगण आहे आणि अंगणात कडुनिंब. तिथून सरळ गल्लीच्या टोकाला विहार दिसतो. पांढरा, निळं फाटक, वर लहानसा घुमट, पुढे कमरेएवढी भिंत. अप्पा पंच्याहत्तरीचे, बारीक, कमी बोलणारे. त्यांनी सकाळीच दाढी केली होती आणि हनुवटीला कापलं होतं. आम्हाला नमस्कार करून त्यांनी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या स्वतः पुसल्या. एक पुसून झाली की दुसरी, मग पुन्हा पहिली.

चारच्या सुमाराला जीप आली. अण्णा काठी टेकत उतरले. उंच, पांढरा सदरा, पांढरं धोतर, काखेत पाण्याची बाटली. घरात गेले नाहीत. संगीता पाया पडली तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि थेट येऊन खुर्चीपाशी उभे राहिले. अप्पा आधीच दुसऱ्या खुर्चीत बसले होते, शाळेत फोटोला बसतात तसे, हात गुडघ्यांवर ठेवून. अण्णांनी आपली खुर्ची काठीनं हातभर मागे ढकलली, मग बसले. बाटली खुर्चीखाली ठेवली.

आता एक बटण दाबायचं होतं. पुढची पंचेचाळीस मिनिटं आम्ही काय केलं, ते लिहितानाही मला घाम येतो.

अरविंदनं कॅमेरा तिकाटण्यावर बसवला आणि टेप काढली. अप्पा दोन मीटर नव्वद. अण्णा तीन मीटर चाळीस. मागचा विहार किती लांब आहे, तेही त्याला हवं होतं. मी टोक घेऊन चाळीस-पन्नास पावलं चालत गेले, विहाराच्या भिंतीला टेकवलं, आणि त्यानं ओरडून सांगितल्यावर विटेच्या तुकड्यानं भिंतीवर एक रेघ मारून शेजारी आकडा लिहिला. रेघ मी मारली. हे नंतरसाठी लक्षात ठेवा.

परत आले तर संगीता त्याला हळू आवाजात सांगत होती, "दादा, मागं विहार नका येऊ देऊ. अण्णा आत्ता त्याच्याकडं पाठ करून बसलेत ते तेवढ्यासाठीच. कागदावर दिसला तर फोटो घरात लावू द्यायचे न्हाईत."

"सोपं आहे," अरविंद म्हणाला. "मागचं धूसर करतो." त्यानं दुसरं भिंग लावलं, तोंड मोठं उघडलं, ॲपला विचारलं. ॲप म्हणालं, विहार धूसर होईल, पण मग फक्त एकवीस सेंटिमीटर खोलीपर्यंतचंच स्पष्ट येईल. दोघा भावांत पन्नास सेंटिमीटर होते. म्हणजे अप्पा स्पष्ट आले तर अण्णा धुक्यात, अण्णा आले तर अप्पा. दोघं हवे असतील तर विहार येणार. विहार नको असेल तर एक भाऊ जाणार.

"अठरा वर्षांचं भांडण तुमच्या मोबाइलला कसं कळलं?" गौतमनं विचारलं. अरविंदला तो विनोद वाटला नाही. तो म्हणाला, "गणितच तसं आहे."

खुर्ची हातभर पुढे घेतली असती तर गणित सुटलं असतं. हे तिथल्या कोंबडीलाही दिसत होतं. पण अण्णांना खुर्ची पुढे घ्या, भावाच्या बरोबरीनं बसा, हे सांगायचं कुणी? गौतमनं संगीताकडे पाहिलं, संगीतानं माझ्याकडे, आणि मी कडुनिंबाकडे. अरविंदला असले प्रश्न पडत नाहीत. त्यानं अंगणातल्या घमेल्यातला चुना घेऊन खुर्च्यांच्या पायांभोवती आणि तिकाटण्याखाली खुणा केल्या, म्हणजे आता कुणी हलू नये, आणि नव्या भिंगाचे आकडे घालत बसला.

समोरच्या घराच्या उंबऱ्यावर काशीअक्का ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. जमिनीवर चुना, हातात टेप, मोबाइलमध्ये आकडे लिहिणारा पँट-शर्टातला माणूस, आणि विहाराच्या भिंतीवर लाल रेघ. रस्ता रुंद करताना भिंतीवर अशीच लाल रेघ मारून आकडा लिहितात, हे त्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही.

"कामून मोजायलाव जी?" त्यांनी मला विचारलं. "रस्ता मोठा व्हायलाय का?"

"नाही हो, फोटोसाठी."

सरकारी माणूस खरं कधीच सांगत नाही, हेही त्या गल्लीला ठाऊक आहे. काशीअक्का उठल्या आणि शेजारच्या घरात शिरल्या. पाच मिनिटांत पंधरा माणसं गल्लीत आली. किती फूट जायलंय, कुणाचं जायलंय, नोटीस कामून दिली न्हाई. कुणीतरी रेघेकडे बोट दाखवलं. "इहाराचं भित्ताड जायलंय बघा. अडतीस लिवलंय."

अण्णांच्या कानावर ते गेलं. इतका वेळ ते समोर बघत बसले होते. आता त्यांनी मान वळवली.

"कुणाचं भित्ताड?"

"इहाराचं, अण्णा," काशीअक्का म्हणाल्या. "मोजून गेली की ती बाई."

अण्णा काठीवर जोर देऊन उठले. गौतमकडे बघून म्हणाले, "फोटोवाला म्हणून सर्वेवाला आणलास व्हय रे, गौत्या?" आणि विहाराकडे चालू लागले. पडल्यापासून त्यांचा एक पाय नीट पडत नव्हता. तरी ते थांबले नाहीत. अप्पा खुर्चीतून उठले आणि मागोमाग गेले. मीही पळाले, माझ्याबरोबर संगीता आणि गौतम. कुणाच्या खिशात मोबाइल नव्हता असं नाही, पण फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही; त्या घटकेला सगळे आमच्या टेपकडे बोटं दाखवत होते.

भिंतीपाशी पोचून अण्णांनी रेघेवर तळहात ठेवला. "ह्या भित्ताडाला कोण हात लावतंय बघू. हितं नको म्हणून मी भांडलो, ते आमच्या घरातलं भांडण हाय. तुमाला कुणी सांगितलं मधी पडायला?"

अप्पा त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले होते. "अण्णा, काठी नीट धर," ते म्हणाले. "पडशील."

अठरा वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य. संगीतानं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता.

मी पुढे झाले. "अण्णा, सर्वे नाही. रेघ मी मारली. फोटोसाठी अंतर मोजत होतो."

"फोटोला भित्ताड कामून मोजायलाव?"

"मोबाइलला सांगावं लागतं."

"मोबाइलला डोळे न्हाईत का?" या प्रश्नाचं उत्तर मला दिवाळीपासून सापडलेलं नाही. मी पदरानं रेघ पुसायला लागले. पुसली गेली नाही, पसरली.

जमलेले लोक हळूहळू हसत पांगले. अण्णांचा हात भिंतीवर होता तो तसाच राहिला. थोड्या वेळानं ते अप्पांना म्हणाले, "ओल आलीय हिला."

"व्हय. पावसाळ्यापास्नं."

"चुना कुणी मारलाय?"

"म्या."

"तरीच."

मग अण्णांनी फाटकापाशी चपला काढल्या आणि आत गेले. आम्ही बाहेरच थांबलो. दारातून दिसत होतं. बुद्धमूर्तीसमोर ते हात जोडून बराच वेळ उभे होते. वळल्यावर त्यांनी सवयीनं काखेत हात घातला, तर बाटली नव्हती. ती खुर्चीखाली राहिली होती. अप्पांनी कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पेल्यात काढलं आणि पुढे धरलं. अण्णांनी छताकडे बघत पेला घेतला आणि रिकामा करून परत दिला.

संगीता रडत होती. मीही डोळे पुसले. आता दोघं परत जाऊन बसतील, खुर्ची आपोआप पुढे सरकेल, फोटो निघेल, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

अंगणात आलो तर अरविंद तिकाटण्याशेजारी उभा होता. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात कॅमेऱ्याचं बटण असलेली वायर, चेहऱ्यावर समाधान. गावात दंगल झाली असती तरी त्याला कळलं नसतं. तो म्हणाला, "झाला! शेवटी मी पहिलंच भिंग लावलं. संगीताताई, विहार येऊ दे, तो मी पुण्याला गेल्यावर पुसून टाकीन. ढग यायच्या आत काढला. एक मीटर ऐंशीपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट."

"कुणाचा काढलास?" मी विचारलं.

तेव्हा त्यानं प्रथम खुर्च्यांकडे पाहिलं.

माझा राग अनावर झाला. चारचौघांत नवऱ्याला बोलू नये, असं मला लहानपणी शिकवलं होतं. ते मी दुबलगुंडीत विसरले. गौतम मध्ये पडून म्हणाला, "जाऊ द्या ताई. अण्णा, बसा, आता काढू."

अण्णा जीपकडे निघाले होते. "एक म्हणलो हुतो," ते म्हणाले. "निघाला न्हवं? झालं तर मग."

"अण्णा, त्यात तुम्ही न्हाईत की," संगीता म्हणाली.

"ते म्या काय करू? म्या तासभर बसलो." दिलेला शब्द मोडायचा नाही आणि वाढवायचाही नाही, अशा घडणीचा तो माणूस. जीप गेली. अप्पा अंगणात उभे राहून ती वळेपर्यंत बघत होते, मग त्यांनी खुर्च्या आत नेल्या.

निघताना संगीतानं भाकरी आणि पुंडीची भाजी बांधून दिली, ती माझ्या हातात. अरविंदकडे तिनं पाहिलं नाही. "चार वर्षं," एवढंच ती मला म्हणाली.

नंतर, पुणे

आठवडाभर अरविंदनं ॲप उघडलं नाही. मग एका दुपारी तो संगणकावर तो फोटो मोठा करून बसलेला दिसला. खुर्चीच्या पायाभोवतीचा चुना तो तपासत होता. "कण न् कण दिसतोय बघ," तो म्हणाला. त्याला उठवून चहा करायला पाठवलं आणि त्याच्या जागी बसले.

लॅबमध्ये आम्हाला एक सवय लावलेली असते. काचेचा मधला भाग सगळेच बघतात, आजार पुष्कळदा कडेला सापडतो. म्हणून कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि ओळीनं सरकत जायचं. मी उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. निळं फाटक आलं. घुमट आला. भिंत आली. आणि भिंतीपाशी, आम्हा बाकीच्यांच्या गर्दीपासून जरा बाजूला, नखाएवढे, दोन पांढरे सदरे आले.

मी मोठं केलं. पाठी होत्या दोघांच्या. उंच पाठ जरा कललेली, हात भिंतीवर. बारीक पाठ तिच्या शेजारी, इतकी शेजारी की मध्ये सेंटिमीटरसुद्धा नसेल, आणि तिचा हात उंच माणसाच्या कोपराखाली. पडशील म्हणताना अप्पांनी हात दिला होता, हे रेघेकडे बघणाऱ्या आम्हा कुणालाच तेव्हा दिसलं नव्हतं. एक मीटर ऐंशीपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट होतं. त्या गाढवानं आणि त्याच्या ॲपनं सांगितलं होतं अगदी तसं.

मी अरविंदला हाक मारली. तो चहा घेऊन आला, बघितलं, आणि कप हातात तसाच धरून उभा राहिला. त्यानं "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हटलं नाही. तेवढी अक्कल आहे त्याला.

पुसायचं काहीच नव्हतं. विहारासकट तेवढा कोपरा कापून आम्ही कागदावर मोठा छापला. जरा रवाळ आला. खुर्च्यांचा पूर्ण फोटोही छापला, खाली बाटली दिसते तो. दोन्ही बीदरला पाठवले. आठ-दहा दिवस काही कळलं नाही. मग संगीताचा फोन आला.

"ताई, चिंताकीला जाऊन अण्णांना दाखवला."

"काय म्हणाले? मागं विहार आलाय."

"त्येचं काय न्हाई म्हणले. लई येळ बघत बसले. मग म्हणले, ह्येच्यात पाठी आल्यात. तोंडं राहिलीत, त्येच्यासाठी यावं लागंल." मग ती मुद्द्यावर आली. "ताई, परवाच्या रविवारी यायलेत अण्णा. बाटली आणणार न्हाईत, कारण ती दुबलगुंडीलाच राहिलीय म्हणले. तुम्ही दोघं या. पण टेप घरी ठेवून या."

टेप मी माळ्यावर टाकली. अरविंदनं विचारलं, "मग अंतर कसं कळणार?"

मी म्हटलं, "खुर्च्या मी लावीन."